खोक्यावर नाव आपले, आतला माल कोणाचा? खान्देशच्या लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व खासदार व आमदार,
तिन्ही जिल्ह्यांचे पालकमंत्री व जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी, महापालिकांचे आयुक्त आणि नगरपालिकांचे मुख्याधिकारी यांस

विषय : भारताशी वैर धरणाऱ्या देशांच्या कह्यातील कंपन्यांना सरकारी कंत्राटांतून दूर ठेवण्याचा नियम आपल्या जिल्ह्यांत खरोखर पाळला जाण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी विद्युत विभागातला निवृत्त शाखा अभियंता. खान्देशातल्याच एका स्थानिक स्वराज्य संस्थेत २९ वर्षे नोकरी केली. पथदिवे, पाणीपुरवठ्याचे पंप, कार्यालयांची वायरिंग आणि शेवटच्या काही वर्षांत चौकाचौकांतले कॅमेरे, हे माझे काम. अंदाजपत्रके मी केली, निविदांचे तुलनात्मक तक्ते मी मांडले, मोजमाप पुस्तिकांवर सह्याही माझ्याच आहेत. त्यातल्या एका सहीबद्दल आधी सांगतो. ती सही मला अजून झोपू देत नाही.

१५ जून २०२० च्या रात्री लडाखमधल्या गलवान खोऱ्यात, चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान गेले. त्याच महिन्यात, त्याच खोऱ्यात, सोबत्यांना नदीतून वाचवताना आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या साकुरीचा जवानही गेला. त्यानंतर वर्षभराने आमच्याकडे कॅमेऱ्यांचे काम निघाले. निविदेत नवे कलम आले होते. ठेकेदाराने १०० रुपयांच्या स्टँप पेपरवर हमीपत्र दिले, की आम्ही भारताच्या भूसीमेला लागून असलेल्या देशातले निविदाधारक नाही. ते खरेच होते. ठेकेदार आपल्याच राज्यातला, मराठी माणूस. खोक्यांवर नाव भारतीय कंपनीचे, खाली पत्ता भारतातला. कॅमेरे लागले, उद्घाटन झाले, फोटो छापून आले.

पहिल्याच पावसाळ्यात एक रेकॉर्डर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, बंद पडला. आमच्या वायरमनने तो स्टोअरमध्ये टेबलावर उघडला. वरच्या स्टिकरचा कोपरा सुटला होता, त्याखाली दुसरे स्टिकर निघाले. आतल्या सर्किट बोर्डावर छापलेले नाव तिसरेच होते आणि ते आपल्या देशातले नव्हते. वायरमन अमळनेरकडचा. बोर्ड हातात धरून म्हणाला, "आप्पा, खोकावर नाव आपलं, मझार माल कोना शे?"

मी उत्तर दिले नाही. दुसरा, चालू असलेला रेकॉर्डर आणवला आणि आमच्या कंत्राटी संगणक चालकाला कार्यालयाच्या नेटवर तो जोडून पाहायला सांगितला. त्या पोराने पडद्यावर दाखवले : आपण काहीही न सांगता ते यंत्र दर काही मिनिटांनी देशाबाहेरच्या एका पत्त्याशी संपर्क साधू पाहत होते. काय पाठवत होते ते आम्हाला कळले नाही, आणि ते कळण्याचे साधनही आमच्याकडे नव्हते.

मी टिपणी लिहिली. फाइल वर गेली, चार दिवसांनी खाली आली. शेरा होता : निविदेतील अटीप्रमाणे हमीपत्र प्राप्त आहे, देयक अदा करण्यास हरकत नसावी. मी मोजमाप पुस्तिकेवर सही केली. देयक निघाले.

शेरा लिहिणारा अधिकारी भ्रष्ट नव्हता, हे मी आवर्जून सांगतो. नियमाने कागद मागितला होता आणि कागद फाइलीला लागलेला होता. खोके उघडून पाहा, असे त्याला कोणत्याही परिपत्रकाने सांगितले नव्हते. आपल्यापुढे मांडायचे आहे ते एवढ्यासाठीच.

हा नियम काय आहे, ते आधी नीट पाहू, कारण तो आहे हेच आपल्यापैकी अनेकांना माहीत नसावे. २३ जुलै २०२० ला केंद्राच्या वित्त मंत्रालयाने सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १४४ मध्ये नवे पोटकलम घातले. ज्या देशाची जमिनीवरची सीमा भारताला लागून आहे, त्या देशातल्या कोणालाही भारत सरकारच्या खरेदीत, मग ती वस्तूंची असो, सेवेची असो वा बांधकामाची, आधी नोंदणी केल्याशिवाय निविदा भरता येणार नाही. नोंदणीसाठी परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय आणि गृह मंत्रालयाची सुरक्षाविषयक मंजुरी सक्तीची. सरकारी बँका, सार्वजनिक उपक्रम, स्वायत्त संस्था, सगळे त्यात आले. कंपनी भारतात नोंदलेली असली तरी तिचा खरा मालक कोण हे पाहायचे. नेपाळ, भूतान, बांगलादेश यांसारख्या, भारताने कर्ज किंवा विकासाची मदत दिलेल्या देशांना सूट. राज्यांच्या खरेदीलाही हे लागू करण्यासाठी केंद्राने राज्यघटनेच्या कलम २५७(१) चा आधार घेऊन सर्व मुख्य सचिवांना लिहिले. इतके गंभीर पाऊल होते ते.

मग माझ्या टेबलावरचा रेकॉर्डर त्यातून सुटला कसा?

नियम निविदाधारकाकडे बघतो. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या स्पष्टीकरणात म्हटले, की सीमेलगतच्या देशातून तयार वस्तू आणून पुरवायची असेल, तर तिथल्या पुरवठादाराची नोंदणी लागेल; पण कच्चा माल, सुटे भाग, अर्धवट जोडणी आणली तर लागणार नाही. यामागचा विचार मला मान्य आहे. आपल्या उद्योगाला सुटे भाग लागतात, ते एका रात्रीत बंद केले तर एमआयडीसीतल्या निम्म्या शेड ओस पडतील. पण कॅमेऱ्याचा बोर्ड, त्यातली चिप आणि त्यावर चालणारे सॉफ्टवेअर तिकडून आले आणि इकडे फक्त डबा, भिंग आणि स्टिकर लागले, तर ती वस्तू तयार म्हणायची की सुटा भाग? चारचाकीचे टायर परदेशी असले तर गाडी आपलीच राहते. पण जे यंत्र बघते, ऐकते आणि नेटवर बोलते, त्याचा जीव बोर्डात असतो, डब्यात नसतो. हमीपत्राचा नमुना डब्याबद्दल विचारतो.

दुसरी अडचण शब्दांतलीच आहे. ‘भूसीमा लागून असलेला देश’ ही भूगोलाची व्याख्या आहे, वैराची नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला. तेव्हा लक्षात आले, की आपल्या ९ विमानतळांवर, मुंबईसह, सामान चढवण्या-उतरवण्याची कामे सेलेबी या तुर्की मूळ असलेल्या कंपनीकडे आहेत. १५ मे २०२५ ला केंद्राने तिची सुरक्षा मंजुरी काढून घेतली आणि जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली. निर्णय योग्यच. पण तुर्कस्तानची सीमा आपल्याला कुठे लागते? २०२० च्या नियमाच्या व्याख्येत ती कंपनी बसतच नव्हती. धोका ओळखला गेला तो कंपनी वर्षानुवर्षे काम करत असताना, आग लागल्यावर विहीर खणावी तसा.

कंपनीचा देश बघायचाच कशाला, असेही कोणी विचारेल. व्यापारी आपला व्यापार करतो, त्याला राजकारणाशी काय देणेघेणे? एरवी मीही असेच म्हणालो असतो. पण चीनने २०१७ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता कायदा केला. त्याच्या सातव्या कलमाने तिथल्या प्रत्येक संस्थेवर आणि नागरिकावर सरकारच्या गुप्तवार्तेच्या कामाला साहाय्य करण्याचे बंधन घातले आहे. तिथला कारखानदार कितीही सज्जन असला, तरी सरकारने दार ठोठावल्यावर त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून मालकी बघावी लागते. आणि म्हणूनच हा विचार कंपनी आणि तिच्या मालकीपुरता ठेवावा लागतो. जळगावच्या गोलाणी मार्केटात मोबाइल दुरुस्त करून पोट भरणारा पोरगा चिनी सुटे भाग वापरतो, त्याच्या दुकानासमोर जाऊन घोषणा देण्यात शौर्य नाही. कोणाच्या चेहऱ्याकडे किंवा धर्माकडे बोट दाखवून तर हा विषय काढूच नये. २०२० च्या जूनमध्ये देशात चौकाचौकांत चिनी माल जाळला गेला. जाळला तो लोकांनी स्वतःच्या पैशाने घेतलेला माल. सरकारने आपल्या पैशाने घेतलेला माल मात्र खांबावर बसून सगळे बघत होता.

२०२१ मध्ये केंद्रीय राज्यमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले होते, की सरकारी संस्थांमधले सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि त्यांतली चित्रे परदेशातल्या सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे. पुढे केंद्राने कॅमेऱ्यांसाठी सक्तीच्या चाचण्या आणल्या. ९ एप्रिल २०२५ पासून यंत्र, सॉफ्टवेअर आणि त्याचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरची मूळ लिखित आज्ञावली, सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कॅमेरा बाजारात विकता येत नाही. उत्तम नियम. पण तो नव्या कॅमेऱ्यांना लागतो. जुने खांबावरच आहेत. आपल्या तीन जिल्ह्यांत असे किती आहेत, कोणत्या कंपनीचे, कुठे बघत आहेत, याची एकत्र यादी माझ्या नोकरीच्या काळात मी कधी पाहिली नाही.

तसे कॅमेरे कुठे बघत असतील, याचा खान्देशाने वेगळा विचार करायला हवा. भुसावळ आणि वरणगाव, आपल्याकडे दोन आयुध निर्माण्या आहेत. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन, विभागीय मुख्यालय. दीपनगरला महानिर्मितीचे औष्णिक केंद्र, त्यात ६६० मेगावॉटचा नवा संच. ह्या संस्थांच्या आत काय बसवायचे त्याला केंद्राचे कडक नियम आहेत आणि ते पाळले जातात यावर माझा विश्वास आहे. पण कारखान्याच्या फाटकापाशी केंद्राची हद्द संपते. फाटकाबाहेरचा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, चौक नगरपालिकेचा, शेजारचा ढाबा ग्रामपंचायतीच्या हद्दीतला. कोणता ट्रक किती वाजता आत गेला, कोणत्या पाळीला किती माणसे आली, कोणत्या गाडीवर रणगाडे लादून पूर्वेकडे गेले, हे बघायला आत शिरावे लागत नाही. चौकातला कॅमेरा पुरतो. आणि तो कॅमेरा जिल्हा नियोजनच्या निधीतून किंवा कोणाच्या स्थानिक विकास निधीतून, सर्वांत कमी दराच्या निविदेने, १०० रुपयांच्या हमीपत्रावर लागलेला असतो. आमदार-खासदारांनो, त्या निधीवर आपले नाव असते. फलकावरही असते.

विजेचेही तसेच. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, लोकल थांबल्या. राज्य सरकारने घातपाताचा, बाहेरून संगणकीय घुसखोरी झाल्याचा संशय बोलून दाखवला. केंद्राने मानवी चूक म्हटले. खरे कारण काहीही ठरो, त्याआधीच जुलै २०२० मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने आयात केलेली सर्व वीज उपकरणे घुसखोर सॉफ्टवेअरसाठी तपासण्याचा आदेश काढला होता. म्हणजे भीती खरी आहे हे सरकारला तेव्हाच मान्य होते. आज गावोगावी पथदिव्यांसाठी दूरनियंत्रणाचे पॅनल बसतात, सिमकार्ड घातलेली. कार्यालयांच्या गच्चीवर सौर पॅनल आणि इन्व्हर्टर बसतात, तेही नेटवर असतात. एलईडी दिवा कुठून आला याने मला फारसा फरक पडत नाही, दिवा कोणाशी बोलत नाही. ज्या डब्यातून एका क्लिकवर शहराचे दिवे घालवता येतात, त्या डब्याची चावी कोणाकडे आहे, हे मात्र मला ठाऊक हवे.

या सगळ्यात एक चांगला दाखला आपल्याच शेतांत उभा आहे. कुसुम योजनेच्या सौर पंपांसाठी केंद्राच्या तांत्रिक निकषांत सौर पॅनल आणि त्यातले सेल देशी असण्याची सक्ती आहे, कंट्रोलर आणि मोटारपंपही देशात बनलेला हवा, आणि पुरवठादाराने वापरलेल्या आयात भागांची यादी जाहीर करायची आहे. आयात भागांची यादी! एवढा एक कागद माझ्या रेकॉर्डरच्या निविदेत असता, तर स्टिकरखालचे स्टिकर आम्हाला पावसाने दाखवावे लागले नसते. साक्री-शिंदखेड्याच्या कोरडवाहू शेतातल्या पंपासाठी जी खबरदारी घेतली जाते, ती जिल्हा रुग्णालयाच्या सर्व्हरसाठी, जिल्हा परिषदेच्या नेटवर्कसाठी, पोलीस ठाण्यासमोरच्या कॅमेऱ्यासाठी का घेतली जाऊ नये?

माझी पहिली मागणी मात्र कोणतीही बंदी घालण्याची नाही. आधी मोजा. ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये तेच केले. सरकारी इमारतींमधली चिनी कॅमेरे आणि तत्सम उपकरणे मोजली, ती ९०० च्या वर निघाली, आणि मग काढायला घेतली. अमेरिकेने २०१८ च्या कायद्याने पाच कंपन्यांची नावे घेऊन त्यांची उपकरणे सरकारी खरेदीतून बाद केली. ब्रिटनने नोव्हेंबर २०२२ मध्ये संवेदनशील जागी असे कॅमेरे नव्याने बसवू नका, असे खात्यांना कळवले. आपल्याकडे मोजणीला वेगळी यंत्रणा उभारायची गरज नाही. प्रत्येक कार्यालयात साठा नोंदवही आहे. आयटीआयची, पॉलिटेक्निकची मुले आहेत, एकेका तालुक्याला चार पोरे आणि एक अभियंता दिला तर काम पावसाळ्याआधी उरकेल. जे यंत्र बघते, ऐकते किंवा नेटवर बोलते, त्याची नोंद घ्यायची : खोक्यावरचे नाव, बोर्डावरचे नाव, सॉफ्टवेअर कोण बदलू शकतो, माहिती कुठल्या सर्व्हरवर जाते, पासवर्ड कोणाकडे आहे. मी खात्रीने सांगतो, शेवटच्या रकान्यात अनेक ठिकाणी ‘ठेकेदाराकडे’ असे लिहावे लागेल.

ही यादी जाहीर करू नका. ती जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पोलीस अधीक्षकांकडे ठेवा. पण ती आहे, एवढे लोकांना कळू द्या.

त्यानंतर निविदेचा मसुदा बदला. राज्याच्या उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ ला शासकीय खरेदीची नियमपुस्तिका काढली, तिच्यावर आपले सगळे खरेदीचे काम चालते. तिच्या चौकटीत राहूनच तांत्रिक लिफाफ्यात आयात भागांची यादी मागता येते. माल आल्यावर त्रयस्थ तपासणी आपण करतोच. त्या तपासणीत दर लॉटमधले एक खोके समितीसमोर उघडून बोर्डाचा फोटो मोजमाप पुस्तिकेला जोडायचा, इतके लिहिले तरी निम्मे बनावट स्टिकर आपोआप थांबेल. खोटे हमीपत्र हे कंत्राट रद्द करायला आणि कायदेशीर कारवाईला कारण आहे, हे केंद्राच्या नियमात लिहिलेलेच आहे. हमीपत्र पडताळले जात नाही, म्हणून खोटे सापडत नाही.

पैशाबद्दल मी आपल्याला फसवणार नाही. माल महाग पडेल. मी स्वतः दर मागवलेले आहेत, तपासलेला देशी कॅमेरा आणि स्टिकर लावलेला कॅमेरा यांत फरक आहे, आणि ज्या निविदेत सर्वांत कमी दर हाच राजा असतो तिथे प्रामाणिक पुरवठादार पहिल्याच फेरीत बाद होतो. म्हणून अंदाजपत्रकातच त्या दराची तरतूद हवी. चाळीस कॅमेऱ्यांच्या पैशात तीस लागतील. तीसच लावा. उरलेल्या दहा चौकांत पोलिसांची गस्त वाढवा. मला स्वतःला चाळीस फसव्या डोळ्यांपेक्षा तीस आपले डोळे परवडतात, पण हा निर्णय आपण लोकांसमोर मांडून घ्यावा, लपवून नको.

जुने सगळे उद्याच उखडून टाका असेही माझे म्हणणे नाही. जे बंद पडेल त्याच्या जागी तपासलेले बसवा. आयुध निर्माणी, रेल्वे, वीज केंद्र, धरण, रुग्णालय यांच्या भोवतालचे मात्र आधी बदला. बाकीच्यांना निदान बाहेरच्या नेटपासून तोडा, हे काम एका दिवसाचे आहे आणि त्याला जवळजवळ खर्च नाही.

परावलंबन किती खोल आहे याची मला कल्पना आहे. २०२५ मध्ये केळीवाल्यांनी त्याची झळ सोसली. ठिबकमधून सोडायची विद्राव्य खते, १९:१९:१९ असो की १२:६१:००, मोठ्या प्रमाणावर चीनमधून यायची. त्या जूनमध्ये चीनने ती भारताला पाठवणे रोखून धरले. रावेर-यावलच्या बागायतदाराने चीनचे काय वाईट केले होते? ऑगस्टमध्ये त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दिल्लीत येऊन खते, दुर्मीळ खनिजे, बोगदे खणायची यंत्रे पुन्हा देऊ असे आश्वासन दिले, आणि आपल्याकडे सुटकेचा नि:श्वास सोडला गेला. मला तो नि:श्वास ऐकून वाईट वाटले. जो नळ दुसऱ्याच्या अंगणात आहे तो त्याच्या मर्जीने सुरू होतो आणि त्याच्याच मर्जीने बंद होतो. खतात निदान पुढच्या हंगामाला पर्याय शोधता येतो. खांबावरच्या, पॅनलमधल्या, सर्व्हरमधल्या नळाचे तसे नाही.

आता ऑक्टोबर २०२५ पासून चीनशी थेट विमानेही सुरू झाली. संबंध सुधारावेत असे मलाही वाटते, युद्ध कोणाला हवे आहे? माझी भीती वेगळी आहे. वातावरण निवळले की नियम सैल करा अशी मागणी होते, पुन्हा बिनसले की रातोरात कंत्राटे रद्द होतात. जून २०२० मध्ये रेल्वेच्या मालवाहतूक मार्गावरचे कानपूर ते मुघलसराय या ४१७ किलोमीटरचे सिग्नलचे ४७१ कोटींचे चिनी कंपनीकडचे काम रद्द करायचे ठरले. चार वर्षांत काम जेमतेम २० टक्के झाले होते. आणि सहा-सात महिन्यांनी, जानेवारी २०२१ मध्ये, दिल्ली-मेरठ जलद रेल्वेच्या ५.६ किलोमीटर बोगद्याचे काम शांघायच्या कंपनीला मिळाले, सर्व मंजुऱ्या रीतसर घेऊन. दोन्ही निर्णयांना त्यांची कारणे असतील. सामान्य माणसाला मात्र त्यातून एकच कळते, की कधी बंद आणि कधी चालू हे त्याला आधी सांगता येत नाही. ठेकेदारालाही सांगता येत नाही. नियमाला ऋतू नसावा. मैत्रीच्या दिवसांत तो शांतपणे चालू राहिला, तर वैराच्या दिवसांत आरडाओरड करावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी लिहायला मला अवघड जाते, पण २९ वर्षे निविदा उघडल्यावर ती गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. असा नियम हाती आला की त्याचा उपयोग नको असलेल्या ठेकेदाराला बाद करायलाही होईल. ‘याचा माल चिनी’ असा एक तक्रारअर्ज आणि कमी दराचा माणूस बाहेर, आपला माणूस आत. मी निविदेतल्या अटी एखाद्याच्या मापाने शिवलेल्या पाहिलेल्या आहेत. म्हणून बाद करायचे तर कारण लेखी, बोर्डाच्या फोटोसह, आणि ठेकेदाराला उत्तर द्यायला मुदत. देशाच्या सुरक्षेचे नाव घेऊन एका तरी प्रामाणिक माणसाचे काम हिरावले गेले, तर पुढच्या वेळी खरा धोका दाखवणाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

खान्देशाला हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन आपल्या फैजपूरला झाले. गांधीजींचा आग्रह होता, की ते खेड्यात व्हावे आणि खेड्याच्याच साधनांनी उभे राहावे. चित्रकार नंदलाल बोस आले आणि बांबूसारख्या साध्या, आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी अख्खे नगर सजवले. काय विकत घ्यायचे आणि कोणाकडून, हा तिथे हिशोबनिसाचा प्रश्न नव्हता, नेत्यांनी आधी ठरवलेली गोष्ट होती. आज जळगावच्या एमआयडीसीत चटया होतात, नळ्या होतात, डाळी होतात. ठिबकचे तंत्र तर इथून जगभर गेले. तिथली पोरे पॅनल जोडतात, कंट्रोलर दुरुस्त करतात. त्यांना पाच वर्षांची खात्रीची मागणी दिसली तर बोर्डही करतील. नरडाण्याला औद्योगिक वसाहत आहे, जागा आहे, महामार्ग आहे. मागणी सरकारच देऊ शकते.

आणि वेळ हीच आहे. इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, ३०९ किलोमीटर, १८ हजार ३६ कोटी रुपये, आपल्या धुळ्यातून. त्याच वर्षी जळगाव-मनमाड चौथी आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी मार्गिका मंजूर झाली. ही कामे रेल्वेची आहेत, तिथले नियम रेल्वे पाहील. पण प्रत्येक नव्या स्टेशनाबरोबर आपल्या हद्दीत रस्ते येतील, दिवे येतील, पाण्याच्या योजना येतील, पार्किंगचे कॅमेरे येतील, आणि त्यांच्या निविदा आपल्याच टेबलांवरून निघतील. एकदा खांबावर चढलेले यंत्र दहा वर्षे खाली उतरत नाही.

खान्देशात आपण २० आमदार आणि ४ खासदार आहात. पक्ष वेगळे असतील, पण जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत आपण एकत्र बसता. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर मोजणीचा हा एक विषय घ्या, इतकी विनंती. बोर्ड कसा ओळखायचा, स्टिकर कुठे लपते, निविदेत कोणती ओळ घालायची, हे शिकवायला मी येईन. मानधन नको, तालुक्याच्या ठिकाणापर्यंत एसटीने येईन. माझा तो वायरमनही निवृत्त झाला आहे. त्याला विचारले, तोही येतो म्हणाला, आणि स्क्रू ड्रायव्हर स्वतःचाच आणणार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखा अभियंता (विद्युत)
अमळनेर, जि. जळगाव